वसूल काय करायचं?

तिकीट काढून आत गेलेला माणूस आणि तसाच आत शिरलेला माणूस, ही एकाच देहातली दोन वेगळी माणसं असतात. तिकीटवाला झपाझप चालतो. नकाशा उलटसुलट करून बघतो, एकही पाटी वाचायची सोडत नाही आणि पाय भरून आले तरी शेवटचं दालन चुकवत नाही, कारण त्या दालनाचेही पैसे त्याने मोजलेले असतात. कारंजं बंद असेल तर त्याला आपला खिसा कापल्यासारखं वाटतं. आमच्या घराण्यात हा माणूस पिढीजात आहे. त्यामुळे चीनमधल्या चेंगडू शहरात पीपल्स पार्कच्या दाराशी पोचलो तेव्हा माझी पंचाईत झाली. तिथे तिकीटखिडकीच नाही. रखवालदार आहे, पण तो आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही. ज्याचे पैसेच दिले नाहीत ते वसूल कसं करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि मी स्वतः उभी हयात शिकवण्यात घालवलेला मास्तर.

चिरंजीव तिथे नोकरीला. तो दिवसभर ऑफिसात आणि आम्ही दोघं सोळाव्या मजल्याच्या खिडकीतून समोरचा सोळावा मजला बघत बसलेलो. शेवटी तोच म्हणाला, “बाबा, मेट्रोची दोन नंबरची लाइन पकडा. पीपल्स पार्क नावाचंच स्टेशन आहे. आत जायला काही पडत नाही.” ‘काही पडत नाही’ म्हटल्याबरोबर आमच्या हिने पर्स उचलली.

चेंगडू ही सिच्वान प्रांताची राजधानी. खोऱ्यात वसलेली आणि बहुतेक वर्षभर ढगांखाली झाकलेली. इथले कुत्रे सूर्य दिसला की भुंकतात, कारण हा कोण नवा आला ते त्यांना कळत नाही, अशी चिनी लोक या मुलखाची थट्टा करतात. थट्टाही आजकालची नाही, थांग राजवटीतली, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीची. ऊन पडलं की इथला माणूस हातातलं काम टाकून बागेकडे धावतो. आम्ही गेलो त्या दिवशी नेमकं स्वच्छ ऊन पडलं होतं. सगळं शहर आमच्या आधी पोचलेलं.

बाग १९११ सालची, शहरातली पहिली सार्वजनिक बाग. तेव्हा तिचं नाव शाओचंग पार्क होतं. विस्तार सुमारे ११ हेक्टर. तळं आहे, तळ्यात होड्या आहेत, बोन्सायचा वेगळा कोपरा आहे, शरद ऋतूत शेवंतीचं प्रदर्शन भरतं. तिकीटवाल्याचं समाधान व्हायला एवढं पुरेसं आहे. पण आत शिरल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की तिथे बाग कुणीच बघत नव्हतं. तळ्याकडे पाठ करून चौघं पत्ते कुटत होते. फुलांच्या ताटव्याला खेटून एक गृहस्थ सॅक्सोफोन वाजवत होते आणि त्यांचे डोळे घट्ट मिटलेले. एका सुंदर झाडाकडे मात्र एका आजींचं पूर्ण लक्ष होतं. त्या त्याच्यावर पाठ आपटत होत्या. धप्, धप्, धप्. झाड हलत होतं, आजी हलत नव्हत्या.

इतकी माणसं आठवड्याच्या मधल्या वारी, भर सकाळी, येतात कुठून? उत्तर सरकारी नियमांत आहे. चीनमध्ये कालपरवापर्यंत पुरुष साठाव्या वर्षी निवृत्त व्हायचे, कचेरीतल्या बायका पंचावन्नाव्या वर्षी आणि कारखान्यातल्या बायका चक्क पन्नासाव्या. २०२५ पासून हे वय हळूहळू वाढवायला घेतलंय. पंधरा वर्षांत ते अनुक्रमे ६३, ५८ आणि ५५ होईल. पण जी पिढी सुटली ती सुटली. पन्नाशीतली बाई, गुडघे शाबूत, पेन्शन चालू, सरकारी धोरणानुसार झालेलं एकुलतं एक मूल कामावर गेलेलं. तिने सकाळी आठ ते अकरा करायचं काय? या प्रश्नाचं उत्तर चीनमधल्या कोट्यवधी बायकांनी कुणाला न विचारता शोधून काढलं. त्या नाचायला लागल्या.

हा नाच म्हणजे मोकळ्या जागी, ओळी करून, एकसारखा. पुढे एक पुढारीणबाई, मागे पंचवीस-तीस जणी, बाजूला चाकांच्या हातगाडीवर बांधलेला, फ्रिजच्या धाकट्या भावाएवढा स्पीकर. एका गटाचे लाल रुमाल, दुसऱ्या गटाचे पांढरे हातमोजे. गट जवळजवळ आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं. लाल रुमालवाल्या बायका पाय आपल्या गाण्यावर टाकतात की शेजारच्या, हे बघणाऱ्याला कळत नाही. त्यांना मात्र पक्कं माहीत असतं. त्यांच्यामध्येच एखादे आजोबा ध्वनिक्षेपक घेऊन उभे राहतात आणि प्रेमगीत सुरू करतात. शेजारचा स्पीकर वाढला की त्यांचं प्रेमही वाढतं.

या गोंगाटावरून चीनमध्ये शेजाऱ्याशेजाऱ्यांत इतकी भांडणं झाली की २०२२ च्या जूनपासून लागू झालेल्या ध्वनिप्रदूषण कायद्यात बागांमधल्या आणि चौकांमधल्या नाचगाण्याची खास दखल घ्यावी लागली. बऱ्याच बागांत आवाज मोजणारे फलक लावलेत. किती डेसिबल झाले त्याचा आकडा फलकावर झळकत राहतो आणि मर्यादा ओलांडली की माणसाने वरमून आवाज कमी करावा, अशी अपेक्षा. योजना कागदावर उत्तम आहे. पण आपला आकडा शेजारच्या गटापेक्षा कमी दिसतोय म्हटल्यावर कुठला कलावंत आवाज कमी करील? आम्ही पाहिलेले आजोबा तर शेवटचा सूर लावून झाला की आधी फलकाकडे बघत आणि मग श्रोत्यांकडे.

पुढे एका वाटेवर गर्दीने दोन्ही बाजूंनी रांगा धरल्या होत्या. आम्हाला वाटलं, मंत्री वगैरे येणार असतील. आल्या त्या सत्तरीतल्या एक बाई. अंगात चापूनचोपून बसलेला चीपाओ, म्हणजे चिनी धाटणीचा रेशमी झगा, हातात कागदी छत्री, ओठांना लालभडक रंग. रॅम्पवर मॉडेल चालतात तशा त्या चालत आल्या, टोकाला थांबल्या, कमरेवर हात ठेवून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि वळून परत गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागून दुसऱ्या आल्या, मग गॉगल लावलेले एक गृहस्थ. कुणी कुणाला हसत नव्हतं. मी आमच्या हिच्याकडे पाहिलं. साठीनंतर गुलाबी साडी नेसावी की नाही यावर हिने बहिणींशी फोनवर केलेल्या चर्चा मी ऐकलेल्या आहेत. ती त्या छत्रीकडे एकटक बघत होती.

व्यायामाचे प्रकार तर विचारू नका. उलटं चालणारे बरेच. उलटं चालताना ते टाळ्या वाजवतात. मागून येणाऱ्याने सावध व्हावं ही जबाबदारी मागून येणाऱ्याची. एक गृहस्थ नारळाएवढा भोवरा फरशीवर फिरवत होते. दोरी गुंडाळून सोडायचा भोवरा नव्हे. हा चाबकाने फटके मारून फिरता ठेवायचा. प्रत्येक फटक्याला बंदूक उडाल्यासारखा आवाज. मी दचकत होतो. शेजारच्या बाकावर झोपलेला माणूस कूसही बदलत नव्हता.

आम्ही सगळ्यांत जास्त वेळ उभे राहिलो ते एका पाणीवाल्या आजोबांपाशी. हातात काठीएवढा लांब ब्रश, टोकाला कमळाच्या कळीच्या आकाराचा स्पंज, शेजारी पाण्याची बादली. ब्रश पाण्यात बुडवून ते फरशीवर कविता लिहीत होते, वरून खाली, एका फरशीवर एक अक्षर. पाण्यानेच लिहिलेलं, त्यामुळे चवथी ओळ सुरू होईपर्यंत पहिली वाळून जायची. मधेच ते थांबले. मान तिरकी करून त्यांनी मागचं एक अक्षर न्याहाळलं, दोन पावलं मागे गेले आणि त्यातला एक फराटा नीट करून आले. दोन मिनिटांत नाहीसं होणारं अक्षर! माझ्यातला मास्तर तिथल्या तिथे नतमस्तक झाला. चाळीस वर्षं मी मुलांना फळ्यावर सुवाच्य लिहायला सांगत होतो, आणि मुलं म्हणायची, “पुसायचंच तर आहे ना सर!” आमच्या हिला राहवलं नाही. तिने फोनमधल्या भाषांतराच्या ॲपवर त्यांना विचारलं की, इतकं सुरेख लिहिता तर कागदावर का लिहीत नाही? आजोबांनी फोन कानाशी धरून ऐकलं आणि शांतपणे उत्तर दिलं. कागदाला पैसे पडतात, आणि लिहिलेलं ठेवायला घरात बायको जागा देत नाही.

चालून चालून घसा कोरडा पडला तेव्हा तळ्याकाठी हमिंग चहाघर दिसलं. हे १९२३ पासून इथेच आहे. झाडांखाली बांबूच्या बुटक्या खुर्च्या मांडलेल्या आणि टेबलाटेबलावर सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचे ढीग. बागेत आल्यापासून पैसे मागणारी ही पहिली जागा. एका पेल्याला वीस-तीस युआन. आमच्या हिने मनातल्या मनात बारा-तेराने गुणलं आणि ती खुर्चीतून अर्धवट उठली. “अहो, एवढ्यात आपला महिन्याचा चहा होतो.” पण मी तोवर फोनने चौकोनी कोड टिपून पैसे भरून टाकले होते. मग मात्र माझ्यातला तिकीटवाला खडबडून जागा झाला. सकाळपासून त्याला काम नव्हतं.

चहा येतो तो बशी, वाटी आणि झाकण अशा तीन नगांत. वाटीत हिरवी पानं आणि वर तरंगणाऱ्या पांढऱ्या पाकळ्या. हिने वास घेतला आणि तिचा चेहरा बदलला. “अहो, हा मोगरा आहे!” मोगराच होता. चिनी लोक चहाला मोगऱ्याचा वास देतात, आणि सिच्वानमधल्या एका नामांकित चहात त्याच्या पाकळ्या तशाच ठेवतात. देवाला वाहायचं फूल उकळत्या पाण्यात घालावं हे हिला रुचेना. मात्र पहिल्या घोटानंतर देवाचा विषय निघाला नाही.

खरी गंमत पुढे आहे. एकदा पेला घेतला की गरम पाणी दिवसभर, पाहिजे तितक्यांदा, त्याच पैशांत. झाकण उपडं करून कडेला टेकवलं की वाढपी येऊन पाणी ओततो. झाकण खुर्चीवर ठेवलं की ‘मी येतोय, जागा माझी’. झालं! मी झाकण टेकवायला सुरुवात केली. पाचव्या वाटीनंतर चहाचा रंग गेला, आठवीनंतर वास गेला, तरी मी थांबलो नाही. आजूबाजूला कुणीही मोजत नव्हतं. माझ्या शेजारचे गृहस्थ सकाळी आले असावेत. त्यांनी पेपर वाचला, डुलकी काढली, मित्राशी वाद घातला, पुन्हा डुलकी काढली, आणि त्यांची वाटी अर्धी भरलेलीच होती.

या चहाघराशी माझं व्यवसायाचं नातं निघालं. जुन्या काळी चेंगडूतल्या शिक्षकांच्या नेमणुका सहा महिन्यांच्या असत. सहावा आणि बारावा महिना आला की नोकरीच्या शोधातले मास्तर या चहाघरात येऊन बसत आणि शाळाचालक तिथेच येऊन करार करत. त्या हंगामाला लोक लढाईच म्हणायचे. एका वाटीवर दिवस काढायची कला बहुधा मास्तर मंडळींनीच या गावाला शिकवली असावी, असा मला दाट संशय आहे.

इतक्यात टिंग्ग् असा आवाज झाला. कपाळाला दिवा बांधलेला एक माणूस खुर्च्यांमधून हिंडत होता. हातात लांबलचक चिमटा. त्याच्या दोन पात्यांमधून लोखंडी सळई सर्रकन ओढली की तो घुमायचा. हा कान कोरणारा. चेंगडूत हा जुना आणि मानाचा धंदा आहे. शेजारच्या गृहस्थांनी डुलकीतूनच बोट वर केलं. मग त्या माणसाने हत्यारं काढली: बारीक चमचा, तारेएवढी सुई, पिसांचा गोंडा. आधी चमचा गेला, मग पिसं गेली. गृहस्थांचा एक डोळा हळूहळू बंद झाला, दुसरा अर्धा उघडा राहिला आणि तोंडावर असा भाव आला की मी संकोचून तळ्याकडे बघू लागलो. शेवटी त्याने घुमणारा चिमटा कानातल्या काडीला टेकवला. गृहस्थांच्या पायाची बोटं चपलेत एकेक करून वळली. आमच्या हिने मला बजावलं, “तुम्ही असलं काही करायचं नाही. आहे तेवढंही ऐकू येत नाही तुम्हाला.”

इतक्या वाट्या रिचवल्यावर पुढचा मुक्काम ठरलेला होता. तोही फुकट. चीनमधल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांत बरेचदा कागदाचं भेंडोळं दाराशीच, सगळ्यांत मिळून एक असतं. किती लागेल याचा अंदाज आत जाण्यापूर्वी घ्यायचा, सर्वांसमक्ष. बीजिंगला टेंपल ऑफ हेवनच्या बागेत लोक भेंडोळीच्या भेंडोळी घरी नेऊ लागले, तेव्हा २०१७ साली तिथे चेहरा ओळखणारी यंत्रं बसवली. यंत्रासमोर उभं राहायचं, ते तुमचा चेहरा टिपून ६० सेंटिमीटर कागद देणार आणि त्याच चेहऱ्याला पुढची नऊ मिनिटं नकार. आता लक्षात घ्या, त्या बागेला तिकीट आहे. वसुली एकदा सुरू झाली की कुठवर जाते ते बघा.

तळ्यापलीकडे सुमारे ३२ मीटर उंचीचा एक स्तंभ उभा आहे. १९१३ सालचा. तो आहे एका रेल्वेसाठी. सिच्वानमधून रेल्वे काढायची म्हणून इथल्या लहानसहान जमीनधारकांकडूनसुद्धा सक्तीने वर्गणी घेऊन त्यांना भागधारक केलं होतं. १९११ मध्ये बादशाही सरकारने ती रेल्वे स्वतःकडे घेतली आणि परदेशी बँकांकडून कर्ज काढायचं ठरवलं. रेल्वे अजून धड झालीही नव्हती, पण पैसे दिलेले होते. लोक खवळले. दुकानं बंद झाली, मोर्चे निघाले, सप्टेंबरात अर्ज घेऊन आलेल्या लोकांवर गव्हर्नरने गोळ्या झाडल्या. बंड मोडायला शेजारच्या प्रांतातून फौज हलवली, तिथली छावणी दुबळी झाली, ऑक्टोबरात तिथेच उठाव झाला आणि हजारो वर्षांची बादशाही काही महिन्यांत आडवी झाली. वसुलीला कमी लेखू नये असं मी हिला म्हणतो ते उगाच नाही. चेंगडू ते छोंगछिंग रेल्वे प्रत्यक्ष धावली ती १९५२ साली.

आणि बागेच्या दारात कुणी अडवत नाही, ही गोष्टही चीनमध्ये आपसूक आलेली नाही. शांघायला नदीकाठी परदेशी वसाहतीची पब्लिक गार्डन १८६८ साली उघडली. शहर चिनी, माती चिनी, कर भरणारेही बरेचसे चिनी, पण आत जायला परवानगी परदेशी लोकांना. गोऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या चिनी आयांना तेवढी सूट. चिनी माणसाला सरसकट आत जाता आलं १९२८ साली. ज्यांच्या आजोबांना दारातून परत फिरवलं, ती नातवंडं आता आत जाऊन स्पीकर लावत असतील, तर तो आवाज थोडा मोठा असणारच.

स्तंभापासून पुढे गेलो तर दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांवर कपडे वाळत घालावेत तसे कागद टांगलेले. हा लग्नाचा बाजार. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये हेच कागद उघड्या छत्र्यांवर लावून ठेवतात. कागदावर जन्मसाल, उंची, शिक्षण, नोकरी, पगार, फ्लॅट आहे की नाही, फ्लॅटवर कर्ज आहे की नाही. नाव नाही, बहुतेकदा फोटो नाही. ज्याचं लग्न ठरवायचं तो हजर नाही. त्याला याचा पत्ता तरी असेल का, कोण जाणे. हजर आहेत ते आईबाप. आमच्या हिला फोनवर भाषांतर वाचता वाचता एकदम माहेरी आल्यासारखं झालं. आपल्या रविवारच्या पेपरातल्या वधूवरांच्या जाहिराती त्या दोरीवर नेऊन टांगल्या असत्या तर तिथल्या आयांना परक्या वाटल्या नसत्या. फरक एवढाच की त्यांच्याकडे पत्रिकेऐवजी जन्मवर्षाचा प्राणी बघतात. ससा आणि कोंबड्याचं जमत नाही म्हणे.

एका बाईंनी हिला विचारलं, तुम्हाला मूल किती? एक मुलगा. कुठे असतो? इथेच. वय? हिने सांगितलं. उंची? हिने तीही सांगितली, वर दोन सेंटिमीटर घालून. फ्लॅट? मी खोकलो. हिने माझ्याकडे लक्ष न देता फोन काढला आणि चिरंजीवांचा मुंजीतला फोटो दाखवला. तोवर चार बाया जमल्या होत्या. मी वेळेवर तिचं कोपर धरून तिला हलवलं नसतं, तर ऑफिसातल्या त्या गरीब मुलाची उंची संध्याकाळपर्यंत दोरीवर वाळत असती.

पण त्या बायांनी पाठ सोडली नाही. आम्ही भारतातून आलोय ही बातमी आमच्यापुढे धावत गेली. एका वृद्ध गृहस्थांनी ‘ख तीह्वा’ असं दोनतीनदा म्हटलं आणि हाताने सुई टोचल्याची खूण केली, तेव्हा उमगलं की ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबद्दल बोलताहेत. युद्धकाळात चिनी जखमींची सेवा करता करता १९४२ साली तिकडेच गेले ते. मी छाती जरा पुढे काढतो न काढतो तोच लाल रुमालवाल्या पुढारीणबाईंनी ध्वनिक्षेपक उचलला आणि ‘आवारा’चं शीर्षकगीत सुरू केलं. राज कपूरचा हा सिनेमा चीनमध्ये पन्नासच्या दशकात लागला, सत्तरच्या दशकाच्या शेवटी पुन्हा लागला, आणि त्या वयाच्या माणसांना तो पाठ आहे. आजूबाजूचे दहा-बारा जण त्यात सामील झाले. गाणं संपलं. टाळ्या पडल्या. आणि पुढारीणबाईंनी ध्वनिक्षेपक आमच्या हिच्या हातात दिला.

आता आली का पंचाईत! सिनेमाची गाणी आम्हाला येतात, पण दोन ओळी आल्या की पुढे ला-ला-ला. शब्दांसकट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल असं आमच्याकडे एकच होतं. हिने डोळे मिटले आणि गणपतीची आरती सुरू केली. मी टाळ्या धरल्या.

पहिल्या कडव्यात मंडळी नुसती बघत होती. दुसऱ्या कडव्याला पुढारीणबाईंचा पाय हलला. आरतीचा ठेका सोपा, टाळी ठरलेली. धृपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा लाल रुमालांच्या ओळी उभ्या राहिल्या होत्या, आणि एक-दोन-तीन-वळण असा नाच त्यावर चपखल बसला होता. आता आपल्याकडे एका आरतीवर कुणी थांबत नाही. गणपतीमागून शंकर आला, शंकरामागून देवी आली, मग विठ्ठल आला. विठ्ठलाच्या ‘येई हो’त दम टिकवून ताणायची एक जागा आहे, तिथे हिने असा श्वास ओढला की पांढऱ्या हातमोज्यांच्या गटाने आपला स्पीकर बंद करून माना वळवल्या. प्रेमगीतवाले आजोबा फलकाकडे धावले आणि आकडा बघून त्यांनी हात जोडले. शेवटी घालीन लोटांगण. मी सवयीने हात जोडून जागच्या जागी गिरकी घेतली. पुढारीणबाईंनी ते बघितलं. पुढच्या ओळीला पंचवीस-तीस बायका, तीन आजोबा आणि उलटं चालणारे एक गृहस्थ एकदम गोल फिरले. मंत्रपुष्पांजलीला ठेका नाही म्हणून तिथे थांबलो, नाहीतर तीही झाली असती.

कुणी विचारलं नाही की हे गाणं कसलं, कुणी विचारलं नाही की नाचताना म्हणतात का. पुढारीणबाईंनी फक्त एक सूचना केली: गिरकी चांगली आहे, पण ती दोनदा हवी. आणि उद्या साडेसातला या, ऊन असो वा नसो.

संध्याकाळी चिरंजीव उत्साहाने घरी आला. येत्या रविवारी सुटी होती आणि त्याने पांडा बघायला जायचा बेत ठरवला होता. चेंगडूचं पांडा केंद्र जगप्रसिद्ध आहे, तिकीट ५५ युआन. तिकीट म्हटल्यावर माझे कान टवकारले. बऱ्याच दिवसांनी काहीतरी रीतसर वसूल करता येणार होतं. मी नकाशाही मागितला. पण आमची ही आरशासमोर लाल रुमाल बांधून बघत होती. ती तिथूनच म्हणाली, “तुम्ही दोघं जाऊन या. पांडा काय करतो? दिवसभर बसून बांबू खातो. आमच्या बागेत माणसं दिवसभर बांबूवर बसून बिया खातात, आणि तिकीट नाही.”